दीपाच्या हातची वाटी

चि. उत्पला,

तू पुण्यात आतड्याच्या पेशींवर संशोधन करतेस, म्हणून तुलाच, माझ्या पुतणीला, लिहितो. माझी दीड वर्षांची नात करुणा आठ दिवसांच्या जुलाबांनंतर यवतमाळच्या दवाखान्यात आहे.

आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, आणि कोवळ्या पेशीला जाळायला काय मिळतं त्यावर ती अन्न शोषणारी होईल की नाही हे ठरतं, असं तूच समजावलं होतंस. मारेगावच्या कापूस परिषदेत मी ते गर्जून सांगितलं. "उपाशी पोरांची आतडीसुद्धा हे सरकार घडू देत नाही!" टाळ्या थांबेनात.

आणि घरी करुणाला जुलाब लागले असताना सून दीपा तिला खिचडी भरवायला बसली, तेव्हा मीच वाटी काढून घेतली.

"पोटाले आराम पाह्यजे. आमची माय असंच करे."

"बाबा, भुकेनं रडून राह्यली पोरगी."

"तुले जास्त समजते काय?"

सहा दिवस नुसतं भाताचं पाणी दिलं.

आता नळीतून थेंबथेंब दूध देतात, तेही टिकत नाही. काल डॉक्टरांनी विचारलं, "जेवण कोणी बंद केलं?" दीपा खाली मान घालून म्हणाली, "मी." त्यांनी तिला सगळ्यांसमोर झापलं. हजारोंपुढे बोलणारा मी गप्प उभा राहिलो.

उत्पला, ते अस्तर पुन्हा येतं ना? हो म्हण गं.

पण हे पत्र मी पेटीत टाकणार नाही. तू लांब आहेस, म्हणून तुझ्यापाशी कबूल करणं सोपं आहे. डॉक्टर वॉर्डात आले आहेत आणि दीपा पुन्हा मान खाली घालून उभी राहिली आहे. मी उठतो.

तुझे मोठेबाबा