पाण्याला नाही म्हणायचं कसं

६ ऑगस्ट, महाड
रिपोर्ट आला. कावीळच. डॉ. म्हणाले, "दूषित पाण्यातून होते ही. बाहेरचं पिता का? काम काय करता?" म्हटलं, घरोघरी बायकांच्या बैठका घेऊन पाण्याचे फिल्टर विकते. त्यांना हसू आवरेना. मग सॉरी म्हणाले.
तीन आठवडे विश्रांती. कोणाच्या जिवावर? नोकरी असती तर रजेचा अर्ज लिहिला असता. बी.ए. झाले तेव्हा आबांनी अख्ख्या आळीत पेढे वाटले ते... जाऊ दे.
पोलादपूरची आणि कापडे गावाच्या वरच्या वाडीतली, दोन्ही बैठका फोनवरून पुढे ढकलल्या. नुसतं "ताप आहे" सांगितलं.

८ ऑगस्ट
कंपनीच्या सिनियर मॅडमना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे बघ, कावीळ हा शब्द तोंडातून काढायचा नाही. डेंगू म्हण. डेंगू डासाने होतो, आपल्या प्रॉडक्टचा संबंध येत नाही."
आणि महिनाअखेरपर्यंत एक तरी बैठक झाली पाहिजे, नाहीतर पोलादपूर तालुका दुसऱ्या मुलीला. गणपती तोंडावर. मुंबईकर गावी येतात, फिल्टर त्यांच्याच शब्दावर घेतले जातात. दोन वर्षं डोंगर चढून वाड्या जोडल्या त्या काय दुसरीसाठी?
डेंगू म्हटलं. चार फोन, चार वेळा. दर वेळी आवाज आणखी बारीक.

११ ऑगस्ट
पोलादपूरच्या एका ताईने कंडक्टरच्या हाती पपईच्या पानांचा रस पाठवला. डेंगूसाठी! एवढी माया, आणि मी खोटारडी. इकडे आई काविळीचा झाडपाला देणाऱ्याकडे चल म्हणून मागे लागलीय. "तुझ्या डॉक्टरला काय कळतंय?" भांडले. मग उलटी. रस मोरीत ओतला.

१४ ऑगस्ट
पडून पडून तोच विचार. जुलैत किती घरांचं पाणी प्यायले? सगळ्याच घरांचं. चढ चढून गेलं की दारातच तांब्या पुढे येतो. पिशवीत फिल्टरचा नमुना, जिभेवर जंतूंचं भाषण, आणि पहिलं काय करते तर तो तांब्या रिकामा.
नाही म्हणताच येत नाही. आजोबांना पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. त्या सत्याग्रहाच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर वाढले मी. आज कोणी तांब्या हातात देतं, आणि मी म्हणू, नको, तुमचं चालत नाही?
हे मॅडमना कसं सांगणार. कोणालाच कसं.

१९ ऑगस्ट
शेवंता काकी आली. वाडीतली बैठक हिच्याच पडवीत होती. बाजाराला आली, नाचणीचं पीठ घेऊन. माझ्याकडे बघितलं नि म्हणाली, "गो, डेंगू डोल्यात कंदीपासून उतराया लागला? हलद झालेत डोले."
कबूल केलं.
"मग तशी सांग ना! डेंगूवाली बाय आली मोठी. माज्या धाकट्याला नाय झालेली शिमग्यात?" हसली. मग हसायची थांबली. "कुटं प्यायलीस पानी?"
"खूप ठिकाणी, काकी."
"म्हंजी आमच्याकडं पन."
मी मान डोलावली.
"फिल्टर इकतेस नि आमचं तसंच पितेस? मग आमाला कशाला शिकवतेस गो?"
चहा न घेता गेली. पीठ ठेवून गेली.

२५ ऑगस्ट
नव्या रिपोर्टमध्ये कावीळ बरीच उतरलेली. डॉ. म्हणाले, जा, पण पाणी स्वतःचं न्या. काकीला फोन केला. "ये," एवढंच. मॅडमचा मेसेज: डेंगूच सांगायचं, लक्षात आहे ना?
आहे.

२९ ऑगस्ट
चढावर तीनदा बसले. पडवीत अकरा बायका. बाटली पिशवीतून काढायचीच लाज वाटली. फिल्टर मांडला, आणि भाषणाऐवजी म्हटलं, "मला डेंगू नव्हता. कावीळ होती. पाण्यातून झाली."
मला वाटलं होतं, खरं बोललं की माणसं जवळ येतात. एक म्हणाली, "खालच्या आलीत प्यायली असंल." खालच्या आळीची उठली, "आमचं पानी झऱ्याचं हाय, तुमच्या हिरीत बेडूक पोवतात!" अर्धा तास तेच. फिल्टर कोपऱ्यात. जिच्या घरचं पाणी वाईट ठरेल तिने घ्यायचा, असा काहीसा निकाल. शे. काकीने कोणाचीच बाजू घेतली नाही. शेवटी दोघी म्हणाल्या, मुंबईला फोन करून सांगतो. ऑर्डरच्या वहीत नाव कोणी लिहिलं नाही. बैठक झाली म्हणायची का ही?
उतरताना शेवटच्या घरातली म्हातारी तांब्या घेऊन दारात. "पानी पिऊन जा गो, किती सुकलीस." माझा हात पुढे गेलाच होता.
"आजी, उकळलंय का?"
दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं. तिने तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तांब्या घेऊन आत गेली. ओट्यावर थांबले. हाक मारावी तर कोणत्या तोंडाने? खाली एसटीचा हॉर्न वाजला, शेवटची गाडी, पळावं लागलं.
रागावून आत गेली, की चूल पेटवायला? वळणावरून मागे बघितलं. तिच्या कौलांवर धूर होता. पण दिवेलागण झाली होती, धूर सगळ्याच घरांवर होता.