बाहुलीचं नाव

मंगळवार, हॅरो. ख्रिसमसच्या सुट्टीचा नववा दिवस.

साडेपाच वाजलेत. बाथरूमला आतून कडी लावून टबच्या काठावर बसून लिहितेय. मुलं बाहेरून दार बडवताहेत. बडवू देत, पाच मिनिटं तरी.

शाळा बंद, नर्सरी बंद, नवऱ्याची, सुहासची, हॉस्पिटलात ड्यूटी. माझं ऑफिस मात्र चालू, तेही घरूनच. नऊ दिवस एका हाताने लॅपटॉप आणि दुसऱ्याने मुलं. वर, या सुट्टीत पोरांशी फक्त मराठीच बोलणार, असं मी माझ्या आईला मोठ्या तोंडाने सांगून बसले होते. बोललेही की मराठीच! पण काय बोलले?

आज आईचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. चार वर्षांच्या मीराला तिने विचारलं, "बाहुलीचं नाव काय ठेवलंस गं?"

"थांब."

आई बिचारी थांबली. मग म्हणाली, "थांबले हं. आता सांग."

"थांब!" मीरा रडकुंडीला आली.

शेवटी थोरला अनय मध्ये पडला. "आजी, डॉलचा नावच थांब आहे."

आई हसत सुटली. "असलं कसलं गं नाव?"

"आई मला बोलते ना, सारखी. थांब, थांब." बाहुलीला कुशीत घेऊन मीरा म्हणाली, लाडाने. लाडाने! म्हणजे तिला ते लाडाचं नाव वाटतंय?

मी मीटिंग म्यूट करून ऐकत होते. मला हसता येईना.

आता दार बडवणं बंद झालंय. "आई, येऊ?" मीरा हळूच विचारतेय. ओठांवर तोच शब्द आला. गिळला. दुसरा एकही सुचत नाहीये.