फुटली ती माझी

८ जुलै, मंगळवार

आज पण परत आले. तिसऱ्यांदा! गव्हाणे सरांचं दार उघडंच होतं. आत पंखा फिरत होता, सर कसलेतरी कागद तपासत होते — आणि माझे पाय सरळ पुढं निघून गेले, जसं काय मला जिन्याचंच काम होतं. खाली एक माणूस ट्रॅक्टरचं टायर काढत होता. ते बघत बसले. एक तास! टायर कसं निघतं ते कळलं. बाकी शून्य.

मागायचं तरी काय एवढं? तुमच्या वर्गात मागच्या बाकावर बसू द्या. बस. देशी वाणांचा वर्ग, पीएच.डी.च्या पोरांचा. परीक्षा नको, मार्क नको, सर्टिफिकेट नको.

मार्चमध्ये माझी गाडी कृषी विद्यापीठात सरांच्या वर्गाच्या खिडकीखाली पंक्चर झाली नसती तर हे खूळ डोक्यात शिरलंच नसतं. पंक्चरवाल्याची वाट बघता बघता पूर्ण तास ऐकला. सर ज्वारीच्या कणसावर बोलत होते. कुणाच्या घरात कुठलं बी, कुणी दिलं, कुणी राखलं. आणि तेव्हा माझ्या डिकीत नऊ कणसं! सरकारच्या पीक पाहणीचे फोटो काढत गावोगाव फिरताना उगाच गोळा केलेली. मला वाटायचं ही माझी खोडच आहे — काम सोडून भलतीकडं बघायचं. त्या दिवशी कळलं, याला विषय म्हणतात.

१० जुलै, गुरुवार

गेले आत!

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही सर. मीच आले. मी अर्पिता."

"शिक्षण?"

"बारावी. म्हणजे बी.ए.चं पहिलं वर्ष केलं होतं. अर्धं."

"अर्धं," सर म्हणाले. हसले नाहीत. "हा पीएच.डी.चा वर्ग आहे, अर्पिता. चारच मुलं आहेत, सगळी एम.एस्सी. करून आलेली."

पिशवी त्यांच्या टेबलावर उपडी केली. नऊ कणसं. बरीचशी माती. एक कंगवा.

सरांनी चष्मा लावला. त्यांनी एक कणीस उचललं — मोकळं, पांढरं, बारीक दाण्याचं. "हे कुठं मिळालं? वीस वर्षांत असं पाहिलं नाही मी."

"सोनपेठचं आहे, सर. सिताराम काकांनी दिलं."

घडाघडा सांगितलं. नऊच्या नऊ कणसांची गावं, माणसं. सर स्वतःच्या हातानं रजिस्टरात लिहीत होते. आठ कणसं साधी निघाली, पण हे नववं बियाणं-पेढीत जतनाला पाठवणार म्हणाले. देणाऱ्याच्या नावासकट! आणि त्यातलेच दोन तुरे खालच्या काचेच्या कपाटात, तिथं पण नाव.

"एक ऑगस्टपासून दर शुक्रवारी या. ऑडिट म्हणतात याला. पत्र देतो. तुमच्या नोंदी चोख आहेत, म्हणून."

चोख!

आता इथं लिहिते, दुसरीकडं कुठं लिहिणार. सात कणसांचं खरं आहे. दोघांच्या चिठ्ठ्या गळून पिशवीच्या तळाला पडल्या होत्या. एक सिताराम काकांची, एक झरीच्या मनकर्णा मावशींची. दोन्ही कणसं पांढरी. कुठलं कुणाचं ते अंदाजानं सांगितलं. थांबले पण नाही. जीभ अडखळली पण नाही.

११ जुलै, शुक्रवार

पप्पा म्हणे, "ऑडिट? आमच्या तहसीलीत ऑडिट आलं की सायेब लोक रजेवर जातेत."

मम्मी म्हणे, "नुसतं बसायचंय? मग घरी बस की!"

१५ जुलै, मंगळवार

पत्र आलं. शिक्का, सही, माझं पूर्ण नाव. चारदा वाचलं. चारी वेळा 'नोंदी चोख'च आठवलं.

सिताराम काकांना फोन लावला. बंद. परत बंद. सोनपेठच्या बाजारात भेटलेला माणूस, घर तरी कुठं माहीत आहे मला! बांगड्या बघत उभी होते, ते बाजूला बी घेऊन बसले होते. तेवढीच ओळख.

२२ जुलै, मंगळवार

झरीला गेले. सकाळी निघाले, पोचले दुपारी — वाटेत मेंढरांचा कळप लागला, त्यांच्या मागं मागं दोन शेतं गेले. का? माहीत नाही. झरी लवकर येऊ नये म्हणून असेल.

मनकर्णा मावशी दारातच. "आलीस का? अजून वणवणच करायलीस? घरचे काई म्हनत न्हाईत व्हय गं तुला?"

"म्हणतात की."

"आन् तू?"

"मी निघते तोवर."

लय हसल्या. फेब्रुवारीत पहिल्यांदा भेटल्या तेव्हा आडनाव विचारलं होतं. सांगितलं तर "बरं" म्हणाल्या. त्या 'बरं'चा अर्थ लावत मी परभणीपर्यंत आले होते. आज चहा त्यांच्याच कपात दिला, स्वतः बशीतून प्याल्या. तो विषय मिटला.

फेब्रुवारीतलं अजून एक आठवतं. मोबाइलात त्यांच्या शेताचा गट उघडला होता. सातबाऱ्यावर दोन दिरांची नावं, पोराचं नाव. मावशींचं नाही. "मी पेरते, मी राखन करते, आन् मी कुटंच न्हाई व्हय?" — असं म्हणाल्या होत्या. तेव्हा पण हसूनच.

सगळं सांगितलं त्यांना. सर, रजिस्टर, जतन, काचेचं कपाट, नाव. ज्या कणसावर सर खूश झाले ते मी सिताराम काकांच्या नावावर सांगून बसले, ते पण. दोन्ही कणसांचे झडलेले दाणे सरांकडून वेगवेगळे मागून घेतले होते, ते दोन डब्यांत नेले. मावशींनी आधी एका डबीतले तळहातावर घेतले, मग दुसऱ्या. लय वेळ बघितलं.

मग म्हणाल्या, "बघून काय कळतंय. चूल पेटलेली हाय, टाक तव्यावर."

साध्या कणसाचे दाणे टाकले. नुसते करपले. मग दुसऱ्या डबीतले, सरांना आवडलेले — तडतड तडतड! पांढऱ्याशुभ्र लाह्या, अर्ध्या तव्यात, अर्ध्या जमिनीवर. मावशी त्या लाह्यांकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं.

"फुटली ती माझी."

"नक्की ना मावशी?"

"माझ्या हातची जवारी मला कळायची न्हाई? नीट घाल नाव. मनकर्णा दत्तराव. मनकर्णा आदी लिव."

म्हणजे मी उलटं सांगितलं होतं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. आपल्यात नसते, पण शेजारच्या काकू दरवर्षी वाटीभर लाह्या पाठवतात. मम्मीनं खाल्ल्या. मी वाटी सरकवली.

सरांना सांगितलं तर पत्र गेलं. पहिल्या तासाच्या आधीच! नाही सांगितलं तर मावशींचं नाव गेलं. मावशींना कळणार कसं म्हणा. त्या थोड्याच येणारेत कपाट बघायला.

ही शेवटची ओळ खोडून टाकावी वाटायलीय. राहू दे. मीच लिहिली.

१ ऑगस्ट, शुक्रवार

पहिला तास.

मागचा बाक. नवी वही. खिडकी तीच, आतून बघितली की झाडं वेगळीच दिसतात. ते झाड चिंचेचं का विलायती चिंचेचं ते बघत होते तोवर सरांनी कणीस वर धरलं. "हे सोनपेठचे सिताराम यांच्याकडून आलेलं." आणि चार पेनं एकदम चालायला लागली. माझं खोटं उतरवून घ्यायला लागली!

उभी राहिले. "सर, ते चुकीचं आहे."

चौघं मागं वळले. सगळं सांगितलं — चिठ्ठ्या, अंदाज, झरी, तवा. शेवटी पत्र काढून सरांच्या टेबलावर ठेवलं आणि दाराकडं निघाले.

"थांबा."

सरांनी रजिस्टर उघडलं. लाल पेन दिलं. "तुमच्या हातानं दुरुस्त करा. खोडायचं एकाच रेषेनं, जुनं वाचता आलं पाहिजे. वर नवं नाव. तारीख. सही."

केलं. मनकर्णा दत्तराव, झरी. 'मनकर्णा' जरा वाकडं आलं.

मग सर वर्गाला म्हणाले, "नोंद चुकते. माझीही चुकली आहे. ती भर वर्गात सांगणारे थोडे असतात." आणि पत्र मला परत दिलं. हळूच म्हणाले, "पण एकदाच हं. पुन्हा अंदाज आढळला तर इथं जागा नाही."

बसले! पुढचा तास निम्मा कळला, निम्मा डोक्यावरून गेला. एवढं हलकं कधीच वाटलं नव्हतं. घरी येताना रस्ता पण चुकले नाही.

३ ऑगस्ट, रविवार

झरीला जाऊन मावशींना रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवला. त्यांना वाचता येत नाही. "कुटंय?" म्हणाल्या. मी बोट ठेवलं. त्यांनी माझं बोट काढून स्वतःचं ठेवलं, तर फोटो मोठा झाला आणि नुसतं 'मनकर्णा' पडदाभर आलं. दचकल्या!

"वाच."

वाचलं. "अजून एकदा." वाचलं. तिसऱ्यांदा पण वाचलं.

वाटलं हसतील. मोबाइल माझ्या हातात परत दिला. निघताना डिकीत शेंगा घातल्या आणि उगाच म्हणाल्या, "रागं नको भरू माय." मी म्हटलं, कशाबद्दल? तर आत निघून गेल्या.

४ ऑगस्ट, सोमवार

सिताराम काकांचा फोन आला. महिनाभर मोबाइल बिघडला होता म्हणे. "तुमाला दिलेलं लाह्याच्या जवारीचं कणीस हाय का अजून? ते मोकळं, बारीक दान्याचं? आमची माय पंचमीला तेच फोडायची. दुसऱ्या कुनाकडं न्हाई ते."

म्हणजे मी अंदाजानं सांगितलं तेच खरं होतं.

सरांचं लाल पेन माझ्याच पिशवीत राहिलंय.