माहेरची वाटी आणि दोन यंत्रं

क्लेमेंटी, सिंगापूर
रविवार, दुपार

तीर्थरूप बाबांस,

हेमचंद्राचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे जेवढं वाकता येतं तेवढाच, कारण पुढे येईल).

तुमचा गुडघा कसा आहे? प्रणिता तिथे माहेरी आल्यापासून तुम्ही पथ्य पाळता असं ती सांगते, म्हणजे ती समोर असताना पाळता असा मी अर्थ घेतो. माझी प्रकृती ठणठणीत आहे, फक्त मान उन्हाने भाजली आहे आणि गुडघ्याच्या बाबतीत आता आपण दोघे एका पंगतीत आलो आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण तुमचा फोन प्रणिता उचलते आणि तुमचे मेसेज तुमच्या आधी तीच वाचते. म्हणून आमच्या ब्लॉकमधला निहार मंगळवारी पुण्याला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि एक पुडकं देतोय. पत्र पुरतं वाचून होईपर्यंत पुडकं उघडू नका, ही विनंती.

तर झालं असं. प्रणिता निघायच्या आदल्या दिवशी आमच्या मंडळाची सहल ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर होती. बायका नटूनथटून, पुरुष टोप्या घालून, आणि पोरं वाळूत दिवाळीचा किल्ला करण्यात गुंग. निघताना सतरंजी मी झटकली (मी कामं करत नाही असं जे तुमच्या कानावर येतं, त्याला हे उत्तर). दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावरून प्रणिताचा मेसेज आला, "माहेरची वाटी वाळूतच राहिली. आता बाबांना कोणत्या तोंडाने सांगू?" आणि लगेच फोन बंद.

बाबा, आता तुम्हीच सांगा. लग्नाला बावीस वर्षं झालेल्या माणसाने याचा काय अर्थ घ्यावा? मंगळसूत्राला वाट्या दोन, एक सासरची, एक माहेरची. सासरची पडली असती तर माझ्या आईची समजूत मी कशीही घातली असती. पण माहेरची, आणि सतरंजी झटकणारा मी! मी तिला एवढंच कळवलं की काळजी करू नकोस, मी बघतो. त्यानंतर दहा-बारा दिवस मी फोनवर तिच्याशी फक्त हवेविषयी बोललो. ती म्हणाली, तुम्हाला बरं नाही का?

किनाऱ्यावर मला लिम अंकल भेटले. निवृत्त टॅक्सीवाले, आणि आता धातू शोधायचं यंत्र घेऊन वाळूत फिरणं हाच त्यांचा धंदा आणि हाच धर्म. त्यांनी आपलं यंत्र मला वापरायला दिलं. यंत्र मोठं खानदानी. सोनं, चांदी, तांबं आलं की हलकेच कुई करतं, लोखंड-पोलाद आलं की ओळखही दाखवत नाही. दुसरं यंत्र माझ्या ऑफिसातल्या विक्रांतकडून आणलं. ते त्याने हौसेने घेतलं होतं आणि बायकोच्या धाकाने पलंगाखाली ठेवलं होतं. हे आपलं सरळ देशी स्वभावाचं. खिळा असो, बूच असो, स्वतः लिम अंकलांच्या बुटाची कडी असो, सारख्याच जोराने कोकलायचं. किल्ल्याची जागा तीच, वाळू तीच, आणि मी कधी उजव्या हाताने हे, कधी डाव्या हाताने ते असा ओळीने फिरत होतो. खानदानी यंत्राने मला सात नाणी, एक कर्णफूल आणि कुणाच्या तरी घराची किल्ली काढून दिली. देशी यंत्राने पहिल्या अर्ध्या तासात चाळीस बुचं दिली आणि माझ्याभोवती शाळेची एक सहल जमा केली.

किल्ला होता त्या टेकाडाजवळ एक गंमत व्हायची. विक्रांतचं यंत्र तिथे आलं की जीव तोडून ओरडायचं, आणि लिम अंकलांचं तिथेच तोंडातून ब्र काढायचं नाही. मी अंकलांकडे पाहिलं की ते हात झटकायचे, "Iron only lah. Rubbish." आपल्याकडे कसं, जो कमी बोलतो तो शहाणा धरायचा. मीही धरला. त्या जागेवरून मी दोन रविवार अकरा वेळा गेलो आणि अकराही वेळा नाक वर करून पुढे निघून गेलो.

शेवटी माझाच धीर सुटला. परवा प्रणिताचा फोन आला तेव्हा मी एका दमात सगळं ओकलो. म्हटलं, चुकलो, तुझी माहेरची वाटी सापडत नाही, सोनाराकडून दुसरी करून घेतो, बाबांचे पाय धरतो. मग ती म्हणाली, "अहो, मंगळसूत्र माझ्या गळ्यात आहे. आमटीची वाटी! आमटीची!"

म्हणजे स्टीलची. (बाबा, हसू नका, गुडघा दुखेल.) शेजारच्या सुलेखाकाकूंची, खीर घालून तुमच्याकडे आलेली आणि लाडू घालून आईंनी सिंगापूरला पाठवलेली. सुलेखाकाकू आपल्या चोवीस वाट्यांतल्या तेवीसच उरल्या म्हणून वीस वर्षं ऐकवतात, हे मला माहीत होतं. पण आईंनी शेवटच्या दुखण्यात प्रणिताला सांगितलं होतं की सुलेखाची वाटी तेवढी परत दे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. काकू आता मुलाकडे बंगळुरूला कायमच्या निघाल्या. वाटी परत करायची ही शेवटची संधी, म्हणून तिने ती ओट्यावर काढून ठेवली होती. समोर दिसली म्हणून मी तिच्यात खोबऱ्याची चटणी भरून सहलीला नेली, आणि पोरांनी तिचा बुरूज केला. हे सांगताना प्रणिता रडली, बाबा. मंगळसूत्र गेलं असतं तर इतकी रडली नसती.

आज पहाटेच एकटा गेलो, फक्त विक्रांतचं यंत्र घेऊन. टेकाडाशी त्याने बोंब मारली, मी गुडघ्यावर बसलो, आणि ढोपरभर खणल्यावर वाटी हाताला लागली. लिम अंकल आले, त्यांनी वाटी पाहिली, मला पाहिलं आणि आपलं खानदानी यंत्र घेऊन दुसरीकडे निघून गेले.

पुडक्यात ती वाटी आहे. काकू निघण्याआधी त्यांना द्यावी. औषधं वेळेवर घ्या, आणि जावयावर लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमचा,
हेमचंद्र

ता. क. : वाटी आत्ता चिंच लावून धुतली. दोन आठवडे वाळूत घासली जाऊन बुडाचं काळं निघालंय आणि नाव स्पष्ट झालंय. तिथे 'सुलेखा' नाही. 'सौ. संजीवनी' आहे. बाबा, ही आईंचीच वाटी. स्वतःचीच वाटी परकी समजून त्या मनाला लावून बसल्या. मी जरा वेळ तसाच मोरीपाशी उभा राहिलो. मग सुलेखाकाकूंचा असा संताप आला की त्यांना मोजायला शिकवा असं लिहिणार होतो.

ता. ता. क. (सोमवार, ऑफिसातून) : लिहिलं नाही ते बरं झालं. हार्बरफ्रंटच्या ऑफिसात माझ्या टेबलावर पेपरक्लिपा ठेवायची एक वाटी आहे. आईंनी पाठवलेला चिवडा तिच्यातून मीच कधीतरी डब्याबरोबर नेला होता. आज सहज उलटी केली. 'सौ. सुलेखा'. काकूंचा हिशोब चोख होता. पुडक्यात म्हणून दोन वाट्या आहेत, आणि आता एक मागणं आहे : दोन्ही वाळूतच सापडल्या असं सांगा. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तुम्हाला खोटं बोलायला लावतोय, पण प्रणिताला पेपरक्लिपांचं कळलं तर मला ईस्ट कोस्टवरच राहायला जावं लागेल. काकूंच्या वाटीत साखर भरली आहे, शेजाऱ्यांची वाटी रिकामी परत करू नये म्हणून. आईंच्या वाटीत मी काही भरलेलं नाही. ती तुम्ही भरा, आणि तुमच्या हाताने प्रणिताला द्या. माहेरची आहे, रिकामी नको.