दुआन वैद्यांची तीन बोटं

आठवा महिना, दुसरा दिवस

पुन्हा तेच! न्यायाधीशसाहेब आले आणि गुरुजींनी मलाच पुढे केलं — "आधी तू नाडी बघ, हेशान." बघितली. "खोल, मंद. पोटात थंडी," म्हणालो. मग गुरुजींनी आपली तीन बोटं टेकवली, डोळे मिटले आणि काय म्हणाले? "खोल, मंद. पोटात थंडी." न्यायाधीश भारावून गेले — "दुआनमहाराज, तुमच्या बोटांत देव आहे!"

मग माझ्या बोटांत काय आहे? खरूज?

पाचवा दिवस

गुरुजींच्या नाडीच्या ग्रंथावर दरबाराची मोहोर उमटली. सगळ्या चांगआन राजधानीत त्यांचाच उदोउदो! गेल्या वर्षभरात त्यात जे जे भरलं, ते माझ्या तोंडून ऐकलेलं. असा संताप झाला की बाजरीची पेजसुद्धा घशाखाली उतरली नाही.

सहावा दिवस

अजून उतरत नाही.

नववा दिवस

आज मुद्दाम खोटं बोललो. तिळाच्या भाकऱ्या विकणाऱ्या मावशी आल्या होत्या. चेहरा फिकट, पण नाडी वरवर धावणारी — आत उष्णता धुमसत होती. मी ठोकून दिलं, "खोल, मंद." गुरुजींनी बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. "खोल, मंद," म्हणाले! वर बचनागासारखं जहाल उष्ण औषध लिहून दिलं — उष्णतेवर बचनाग!

पुड्या मीच बांधतो. बचनाग काढून ज्येष्ठमध घातला. मावशींचा काय दोष? पण चोर सापडला. स्वतः काही बघत नाहीत, नुसती पोपटपंची!

अकरावा दिवस

राजमाता आजारी आहेत. उद्या राजवाड्यात बोलावणं. तिथे पडद्याआडून फक्त मनगट पुढे येतं, आणि निदान चुकलं तर वैद्याची मान उडते. गुरुजी जवळ आले. "तुला आत न्यायची परवानगी काढलीय. येशील ना, बाळा?"

बाळा! गरज पडली की बाळा! सगळ्या शिष्यांदेखत सुनावलं — "तुमच्या बोटांत देव आहे ना? मग त्यालाच न्या!"

गुरुजी थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले.

बारावा दिवस

गुरुजी पहाटेच गेले, एकटे. गुरुमाता ओट्यावर रडत होत्या. म्हणाल्या, "निघताना शेगडीतला निखारा त्यांच्या बोटांवर पडला रे. कातडं जळल्याचा वास मला आला, त्यांना पत्ताच नाही. वर्ष झालं, बोटं मेलीत त्यांची."

राजवाड्यापर्यंत धावत गेलो. दार लावून घेतलं होतं.