भुंगेऱ्याचं आठवं जनुक

४ ऑगस्ट, सोमवार. मनिसालेस, कोलंबिया.
आजपासून रोजनिशी. हा शोध कसा लागला असं उद्या जगाने विचारलं, तर हाताशी कागद हवा.
विषय: कॉफीचं फळ पोखरणारा भुंगेरा. वासावरूनच फळापर्यंत येतो. माझा संशय वास ओळखणाऱ्या सात जनुकांपैकी सातव्यावर. ते बंद पाडलं की पठ्ठ्याला बागेत उभं राहूनही बाग सापडणार नाही. मग बाबांना विष फवारायला नको. त्यांना शब्द दिलाय: ऑक्टोबरच्या तोडणीआधी फवारणीचा पंप खिळ्याला. (गेल्या वर्षीही दिला होता. पण तेव्हा मशीन जुनं होतं.)
संकल्प: दिवसाला चारच कप कॉफी.

६ ऑगस्ट, बुधवार.
सातवं जनुक बंद केलेला भुंगेरा घेतला. मिशीला तारा जोडल्या. वास आला की पडद्यावर रेघ उसळते. नुसती स्वच्छ हवा सोडली. सकाळी ठीक दहाला रेघ टुणकन वर! दुपारी तीनला पुन्हा!
स्वच्छ हवेला वास नाही. सातवं बंद. म्हणजे आठवं जनुक आहे, आजवर कोणालाच न सापडलेलं, आणि त्याला वेळ कळते. नाव ठरलं: अर्बेय-८. (अर्बेय म्हणजे मी.)
तेव्हा संस्थेत कॉफी वाटणाऱ्या लुस्मिलाबाई किटली घेऊन शेजारीच उभ्या होत्या. पहिली बातमी त्यांना. म्हणाल्या, छान हो डॉक्टर, पण गार व्हायच्या आत प्या. कदर नाही.
कप: सहा. शोधाच्या दिवशी चालतं.

१० ऑगस्ट, रविवार.
मळ्यावर. बाबांनी सकाळीच फवारणी उरकलेली. तोंडाला साधा रुमाल नाही. मी रागावलो तर म्हणाले, लेका, तुझा भुंगेरा प्रयोगशाळेत शिकून मोठा होईस्तोवर त्याची भावंडं माझं पीक खाऊन बसतील. खाली पडलेली फळं वेचली तरी निम्मी कीड जाते, पण आता मला वाकवत नाही, असंही म्हणाले. ही पद्धत अशास्त्रीय आहे हे मी शांतपणे समजावलं.
घराकडे येताना चढावर तीनदा थांबले. देखावा बघत असावेत. वय झालं की माणूस निसर्गप्रेमी होतो.

११ ऑगस्ट, सोमवार.
शेजारच्या टेबलावर डॉक्टर योर्लादिस. फुप्फुसावर व्रण पडून ते कडक कसं होतं, यावर तिचं काम. चार वर्षं बशीत पेशी वाढवतेय, अजून एकही रेघ उसळलेली नाही. बिचारी.
बोलता बोलता बाबांच्या खोकल्याचं निघालं. म्हणाली, घेऊन ये त्यांना, मशीनमध्ये नुसतं फुंकायचं असतं, दहा मिनिटांचं काम. म्हटलं, पुढच्या आठवड्यात नक्की. खोकला चुलीच्या धुराचा आहे. मी डॉक्टर आहे, मला कळतं. भुंगेऱ्यांचा असलो तरी.

१८ ऑगस्ट, सोमवार. सुट्टी.
संस्थेत मी एकटा. दहाला रेघ सपाट. तीनला सपाट. लुस्मिलाबाईही रजेवर, त्यामुळे कॉफी नाही, डोकं ठणकतंय.
निष्कर्ष: अर्बेय-८ ला सोमवारची सुट्टीही कळते! एवढी मी स्वतःही अपेक्षा केली नव्हती.

१९ ऑगस्ट, मंगळवार.
१०.०२ ला उसळली! भुंगेरा कामावर रुजू. कप: तीन, पैकी दोन डोकं उतरावं म्हणून.

२९ ऑगस्ट, शुक्रवार.
बुधवारी संचालकांसमोर प्रात्यक्षिक. बाबांनाही बोलावलंय. योर्लादिसने विचारलं, मग त्याच दिवशी फुंकून जातील का? म्हटलं, कौतुकाच्या दिवशी दवाखाना नको.

३ सप्टेंबर, बुधवार. दुपार.
बाबा नवी टोपी घालून आले. जिन्यात दोनदा देखावा बघितला. जिन्याला खिडकी नाही, पण असो.
दहाला रेघ उसळली. संचालकांनी टाळी वाजवायला हात उचलले. बाबा म्हणाले, लेका, त्याला कॉफीचा वास आलाय. बाईंना किटली घेऊन जरा बाहेर जायला सांग.
त्या बाहेर गेल्या. रेघ सपाट. आत आल्या. रेघ वर. संचालकांनी त्यांना तीन फेऱ्या मारायला लावल्या. लुस्मिलाबाई म्हणाल्या, मग त्या जनुकाला माझंच नाव द्या.
सातवं जनुक बंद पडूनही भुंगेऱ्याला कॉफी सापडते, एवढंच सिद्ध झालं.

३ सप्टेंबर. संध्याकाळ.
मी तारा गुंडाळत होतो तेव्हा बाबा आपले आपण योर्लादिसकडे जाऊन फुंकून आले. आकडा बघून तिने त्यांना तसंच हॉस्पिटलात नेलं, छातीचा फोटो काढला. निम्मं फुप्फुस व्रणांनी कडक. धुराने, विषाने की आणखी कशाने, ते तिला सांगता येत नाही. पडलेले व्रण जात नाहीत, एवढं सांगता येतं. फवारणी आजपासून बंद, असं ती म्हणाली. बाबांनी तिला लगेच हो म्हटलं.
दहा मिनिटांच्या कामाला मी तेवीस दिवस लावले. मला भीती वाटतेय.

५ ऑक्टोबर, रविवार. मळा.
तोडणी सुरू. पंप खिळ्याला. मी टांगला, पण श्रेय योर्लादिसचं.
सकाळी सहापासून खाली पडलेली फळं वेचतोय. अशास्त्रीय पद्धतीने साडेतीन बादल्या झाल्या, कमरेचे तुकडे पडलेत. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून काठीने दाखवतात: ते बघ एक राहिलं, पानाखाली, एवढा डॉक्टर झालास आणि फळ दिसत नाही?
संकल्प: पुढच्या वर्षी नववं जनुक.
दहाला बाबा स्वतः कॉफी घेऊन निघाले. कप दिसायच्या आधीच वासाने माझी मान वर झाली. ओट्यापासून माझ्यापर्यंत वीस पावलं. तीनदा थांबले. देखावा बघायला नाही.
बादली तिथेच ठेवून मी त्यांच्याकडे गेलो.