घुमटावरची बोटं

चवथीच्या गणपतीचा चौथा दिवस, संध्याकाळ

जागा वाचावी म्हणून आरतीत काका घुमट हे मातीचं चर्मवाद्य वाजवतात, त्याचा व्हिडिओ लहान करून पाहिला. आवाज स्वच्छ आहे, पण घुमटावरची बोटं? नुसता धूर. काका बघून हसले, “बोटां खंय गेली रे माझी?” दादा म्हणतो, “आवाज येता मरे, पुरे झाला! मूळ व्हिडिओ पुसून टाक.”

कसं पुसू? काकांचा हात आता थरथरतो. पुढच्या चवथीला वाजवतील की नाही, कोण जाणे. उद्या विसर्जन, आणि कॅमेऱ्याचं कार्ड भरलेलं, लॅपटॉपही. रेकॉर्डिंगचं सेटिंग कितीही उतरवलं तरी उद्याचं मावणार नाही. विसर्जनाचं चित्रण राहून जाईल, हे डाचतंच आहे. तरी ती बोटं राहू देत. उद्या कॅमेरा घरीच ठेवतो आणि काकांच्या शेजारी झांज घेऊन उभा राहतो.